मेडिकल कोणाचं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात नागपूरच्या मेडिकलबद्दल, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाबद्दल, प्रश्न मागवले होते. पत्रं गोंदिया-गडचिरोलीपासून थेट मध्य प्रदेशातल्या बालाघाटपर्यंतची आली. चार प्रश्न निवडलेत.

प्रश्न: आमच्या बहिणीच्या डोक्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी नागपूरला न्या म्हणून लिहून दिलं. गोंदियाला 2016 पासून मेडिकल कॉलेज आहे ना, मग अजूनही नागपूरच का? (वाचक, तिरोडा)

उत्तर: दादा, तुमचा राग समजतो. पण कॉलेज सुरू व्हायला जे विभाग लागतात ते मेडिसिन, सर्जरी, बाळंतपण, बालरोग, हाडांचा वगैरे. डोक्यातली गाठ काढणारा न्यूरोसर्जन म्हणजे एमबीबीएस, मग तीन वर्षं एमएस, त्यानंतर आणखी तीन वर्षं एमसीएच केलेला माणूस, आणि तो एकटा येऊन काही होत नाही, त्याच्यासोबत तसा भूलतज्ज्ञ लागतो, ऑपरेशननंतर रात्रभर पेशंटच्या डोळ्यांच्या बाहुल्या तपासत बसणाऱ्या आयसीयूच्या सिस्टर लागतात, रात्री 2 वाजता सिटी स्कॅन चालू लागतो, आणि तो सर्जन रजेवर गेला तर दुसरा लागतो. एवढी सगळी टीम प्रत्येक जिल्ह्यात उभी करणं आज तरी जमलेलं नाही, आणि महिन्याकाठी दोन-चारच ऑपरेशनं होत असतील तर टीमचा हातही तयार होत नाही. म्हणून काही आजार मोठ्या ठिकाणी एकत्र येणं हे पेशंटच्या भल्याचंच आहे.

पण सगळंच नागपूरला पाठवणं मला अजिबात पटत नाही. साप चावल्याचंच घ्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर एकच लस, म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन, चालते आणि ती ग्रामीण रुग्णालयात मिळायला हवी, नव्हे, अनेक पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांतही असते. रक्तावर विषाचा परिणाम झालाय का हे बघायला मशीन पण लागत नाही. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरपी करायची, गोठलं नसेल तर लस लगेच सुरू. मण्यारचं वेगळं, तिथे रक्त गोठतं, सूजही फारशी नसते, पण पापण्या जड होऊन खाली यायला लागतात, पोट दुखतं, मग श्वास अडकतो. लस न देता अशा पेशंटला 108 मध्ये घालून दोन-तीन तासांच्या रस्त्याला लावणं हे रेफर करणं नव्हे. पहिला डोस तिथेच द्या, श्वास सांभाळायची सोय करा, गरज असेल तर मग पाठवा.

प्रश्न: आम्ही नागपूरचे, टॅक्स आम्ही भरतो, पण मेडिकलमध्ये बघावं तर बाहेरगावचे आणि एमपीचेच लोक. आम्हाला नंबरच लागत नाही. (वाचक, नागपूर)

उत्तर: नंबर लागत नाही हा त्रास खरा आहे, पण त्याचं खापर बालाघाट-छिंदवाड्याच्या पेशंटवर फोडू नका. मेडिकल 1947 सालचं. तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती, जबलपूर-रायपूरकडचा मुलुखही त्याच प्रांतात. जबलपूरला मेडिकल कॉलेज निघालं 1955 साली, रायपूरला 1963 साली. म्हणजे हे हॉस्पिटल त्या आख्ख्या प्रांतासाठीच बांधलं गेलं, नुसत्या नागपूर शहरासाठी नाही. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या, पण सिवनीहून येणारा रस्ता आणि माणसांची सवय तीच राहिली. शिवाय सरकारी पैसा फक्त शहराचा नसतो, राज्याच्या तिजोरीत गडचिरोलीतल्या कोरचीच्या माणसाचाही वाटा आहे.

उलट मला शहरातल्या लोकांनाच काही सांगायचंय. सर्दी, खोकला, बीपीच्या महिन्याच्या गोळ्या, यासाठी महानगरपालिकेचे दवाखाने आणि आरोग्य केंद्रं आहेत, तिथे जा. मेयो हे दुसरं सरकारी हॉस्पिटल आहे, मिहानला एम्सही आहे. सकाळी मेडिकलच्या केस पेपरच्या रांगेत साध्या तापाचे पेशंट कमी झाले तर मागे स्ट्रेचरवर पडलेल्या माणसाकडे डॉक्टर लवकर पोचेल. आणि बाकी जे कमी पडतं, म्हणजे बाहेरून आणायला लागणारी औषधं, एमआरआयची लांबलेली तारीख, व्हरांड्यात झोपणारे नातेवाईक, त्याचा जाब सरकारला विचारा, जरूर विचारा, मोठ्याने विचारा.

प्रश्न: माझ्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. वॉर्डात पाच-सहा पोरं येऊन तिला तपासत होती, तेच तेच विचारत होती. आमच्या गरिबांच्या अंगावर हे डॉक्टरकी शिकतात का? (एक आई, गडचिरोली जिल्हा)

उत्तर: ताई, तुमच्या मुलीला त्या दुखण्यात पुन्हा पुन्हा हात लावला गेला याचं वाईट वाटतं. पहिली गोष्ट, तुम्ही नाही म्हणू शकता. "आत्ता तिला दुखतंय, नंतर या" एवढं म्हटलं तरी पुरे, त्याने उपचार थांबत नाहीत. मुलीला किंवा बाईला तपासताना सोबत बाईमाणूस असायला हवं, हेही मागून घ्या.

दुसरं, औषध ती पोरं ठरवत नाहीत. वॉर्डात जे रात्रंदिवस दिसतात ते रेसिडेंट, ते एमबीबीएस झालेले डॉक्टरच असतात, एमडी-एमएस करत असतात. त्यांच्यावर लेक्चरर, त्यांच्यावर युनिटचे, म्हणजे त्या डॉक्टरांच्या टीमचे प्रमुख, आणि रोजच्या राऊंडला वरचे लोक येऊन बघतात. म्हणजे एका पेशंटवर तीन-चार जणांची नजर असते, खाजगीत बहुतेक वेळा एकाचीच.

आता तुमच्याच आजाराचं बोलू. विदर्भात सिकलसेल खूप आहे, विशेषतः आदिवासी आणि काही दलित समाजांत. झटका आला की हाडं फुटल्यासारखी दुखतात पण वरून बरेचदा काही दिसत नाही, ना सूज ना जखम, आणि ज्याने कधी पाहिलं नाही असा डॉक्टर म्हणतो नाटक करतेय, एक गोळी देऊन घरी पाठवतो. ज्या पोराने तुमच्या मुलीच्या डोळ्यांचा पिवळेपणा पाहिला, पोटात प्लीहा वाढून हाताला लागते का ते बघितलं, तिच्या वेदना समोर बसून पाहिल्या, तो ही चूक करणार नाही. सरकारी कॉलेजच्या एमबीबीएसला एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड असतो, एमडी-एमएस करणाऱ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात जावं लागतं, म्हणजे उद्या तुमच्या पीएचसीत किंवा जिल्हा रुग्णालयात येणारा डॉक्टर असल्याच एखाद्या वॉर्डात घडलेला असतो. मला विचाराल तर मेडिकलचं सगळ्यात मोठं काम हेच, आलेला पेशंट बरा करण्याइतकंच त्याच्या गावाकडे कामाचा डॉक्टर पाठवणं. आता तर गडचिरोलीतच सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालंय, तिथे शिकवायला माणसं लागतील तीही अशाच जुन्या हॉस्पिटलांतून येणार. पण त्याचं ओझं तुमच्या लेकीने दुखणं सोसून उचलावं असं कोणीच म्हणू नये. शिकवणाऱ्याने आधी विचारलं पाहिजे, तिचं दुखणं उतरल्यावर यायला पाहिजे, आणि सगळं झाल्यावर तिला नावाने हाक मारून थँक्यू म्हणायला पाहिजे.

प्रश्न: पेशंटला नागपूरला न्यायचं तर सोबत काय काय घ्यावं? (वाचक, बालाघाट)

उत्तर: रेफरची चिठ्ठी, आणि तिच्यावर नुसतं "पुढील उपचारासाठी" नको, काय झालं, कोणतं औषध किती वाजता दिलं हे लिहून मागा. जुने रिपोर्ट, एक्सरे, चालू गोळ्यांची पाकिटं. आधार कार्ड. महाराष्ट्रातल्यांनी रेशन कार्ड घ्या आणि मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला भरती झाल्या झाल्या भेटा, ऑपरेशन होऊन गेल्यावर नाही. तुमचं एमपीचं आयुष्मान कार्ड असेल तर ते घ्या, दुसऱ्या राज्यातही चालतं. पेशंट कोणत्या युनिटमध्ये भरती आहे हे पक्कं लिहून ठेवा, कारण प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात आणि फेरतपासणीला चुकीच्या वारी आलात तर तुमची केस माहीत असलेले डॉक्टर भेटत नाहीत, गाडीभाडं वाया जातं. डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स काढा, एक गावाकडच्या डॉक्टरला द्या, टाके काढणं, ड्रेसिंग, शुगर बघणं तिथेच होऊ शकतं का हे सुट्टी घेतानाच विचारून त्या कार्डावर लिहून घ्या.