गोळी किती वर्षं घ्यायची? जास्त चालणाऱ्या थायरॉईडबद्दल वाचकांचे प्रश्न

यावेळी निवडलेले सगळे प्रश्न एकाच आजाराचे आहेत. थायरॉईड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते, रिपोर्टमध्ये टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन) खाली गेलेला असतो आणि टी३, टी४ (थायरॉईडचे स्वतःचे हार्मोन) वर चढलेले असतात. भरपूर खाऊनही वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात, उकाडा सोसवत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर गेला की सगळ्यांचाच जीव कासावीस होतो, त्यामुळे या तक्रारी उन्हाच्या नावावर खपून जातात आणि निदान लांबतं. निदान झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गोळी चालू ठेवायची, की कायमचा इलाज करून टाकायचा?

प्रश्न : पाचोरा तालुक्यात शेती करतो, वय ४२. ग्रेव्हजचा आजार निघाला. दीड वर्ष कार्बिमाझोल घेतली, रिपोर्ट चांगले आले म्हणून डॉक्टरांनी बंद केली. सात महिन्यांत पुन्हा तेच. आता किरणोत्सारी आयोडीनचा (रेडिओआयोडीन, थायरॉईडची ग्रंथी जाळणारं औषध) डोस घ्या म्हणतात. मला ५ मिलिग्रॅमच्या एका गोळीवर बरं वाटतं. तीच चालू ठेवली तर काय बिघडतं?

भाऊ, काही बिघडत नाही, पण त्याला अटी आहेत.

ग्रेव्हजमध्ये आपल्याच शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडीज थायरॉईडला सतत कामाला लावतात. कार्बिमाझोल हार्मोन तयार होऊ देत नाही. तेवढ्या काळात अँटीबॉडीज ओसरतील, अशी आपण वाट पाहतो. १२ ते १८ महिने गोळी द्यायची आणि थांबायचं, ही रूढ पद्धत. पण थांबल्यावर जवळपास निम्म्या रुग्णांचा आजार परत येतो. तुम्ही पथ्य मोडलं किंवा काही चुकीचं केलं म्हणून तो आलेला नाही.

पूर्वी अशा वेळी आयोडीन किंवा ऑपरेशन याशिवाय तिसरं काही सुचवलं जात नसे. आता तसं राहिलेलं नाही. तेहरानमध्ये डॉ. अझिझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना आधी दीड-दोन वर्षं मेथिमाझोल दिली. मग काहींची गोळी थांबवली आणि बाकीच्यांची कमी मात्रेत चालूच ठेवली, एकूण पाच ते दहा वर्षं. गोळी थांबवल्यानंतर चार वर्षांनी पाहिलं तर पहिल्या गटात ५३ टक्के जणांचा आजार परतला होता, दुसऱ्यात १५ टक्के. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. आपली कार्बिमाझोल पोटात गेल्यावर मेथिमाझोलच होते, म्हणून हे आकडे आपल्याही कामाचे आहेत. वर्षानुवर्षं कमी मात्रेची गोळी घेणं म्हणजे अर्धवट इलाज, हा समज मनातून काढून टाका. तो पूर्ण आणि मान्य इलाज आहे.

आता अटी. मात्रा अडीच ते पाच मिलिग्रॅमवर स्थिर राहायला हवी. ती पंधरा-वीसच्या खाली यायलाच तयार नसेल, गळ्याची गाठ मोठी असेल किंवा रिपोर्ट सारखे वरखाली होत असतील, तर गोळीचा हट्ट धरू नये. रिपोर्ट स्थिर झाल्यावरही दर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासावं लागतं, आणि ते कापूस वेचणीच्या घाईतही करावं लागतं. मात्रा ठरवताना नुसता टीएसएच पाहून चालत नाही, कारण टी३-टी४ जागेवर आले तरी टीएसएच कित्येक आठवडे, कधी महिने, खालीच राहतो. वर्षातून एकदा टीआरएबी ही अँटीबॉडीची तपासणी करा. ती महाग आहे, पण गोळी थांबवायची की नाही हे तिच्यावरून बऱ्यापैकी कळतं. ती वाढलेली असताना गोळी थांबवणं म्हणजे आजाराला परत बोलावणं.

तुमच्या जागी मी असतो तर या अटी पाळून ५ मिलिग्रॅम चालू ठेवली असती. आयोडीनचा पर्याय कुठे पळून जात नाही.

प्रश्न : वडील रेल्वेतून निवृत्त, भुसावळला असतात, वय ६८. चार वर्षं गोळ्या चालू आहेत. थांबवल्या की दोन महिन्यांत थायरॉईड वाढतो. स्कॅनमध्ये एकच गाठ 'हॉट' आली आहे. आता नाडीही अनियमित लागते. अजून किती वर्षं गोळी?

तुमच्या वडिलांचा आजार वरच्या भाऊंपेक्षा वेगळा आहे. इथे अँटीबॉडीजचा संबंध नाही. गाठ स्वतःच हार्मोन बनवत बसली आहे, स्टार्टर चिकटलेल्या मोटरसारखी. गोळीने ती आवरते, पण बरी होत नाही. दहा वर्षांनी थांबवली तरी आजार पुन्हा डोकं वर काढणार. म्हणून कोणताही इलाज निवडण्याआधी थायरॉईड का वाढला हे डॉक्टरांना विचाराच. मी पाहतो त्या कित्येक फायलींमध्ये नेमकं तेच लिहिलेलं नसतं.

अशा गाठीवर किरणोत्सारी आयोडीन फार चांगलं काम करतं. बाकीची ग्रंथी त्या वेळी झोपलेली असल्याने आयोडीन मुख्यतः गाठच शोषते, तीच जळते, आणि उरलेली ग्रंथी पुष्कळदा पुढे नीट काम करते. गाठ मोठी असेल किंवा कॅन्सरची शंका असेल तर ऑपरेशन. फारच थकलेल्या, प्रवास न झेपणाऱ्या माणसाला कमी मात्रेची गोळी आयुष्यभर देतात, त्यात गैर काही नाही.

नाडीचं मात्र याच आठवड्यात पाहा. ईसीजी काढा. या वयात थायरॉईडमुळे हृदयाचे ठोके बेताल झाले की हृदयात रक्ताची गुठळी होऊन लकवा मारण्याचा धोका असतो. रक्त पातळ ठेवणारं औषध लागेल का, ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : अमळनेरची गृहिणी, वय ३८. मुंबईला जाऊन रेडिओआयोडीन घ्यायचं ठरतंय. पण घरच्यांना रेडिएशनची फार भीती. घरात चार वर्षांचा पुतण्या आहे, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नणंद माहेरी येणार आहे आणि ती गरोदर आहे. पुढे कॅन्सर होईल का?

ताई, आधी प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. शिशाच्या जाड डबीतून एक कॅप्सूल किंवा घोटभर द्रव देतात, तुम्ही तो गिळता, झालं. सुई नाही, भूल नाही, बहुधा त्याच दिवशी घरी. १९४१ साली बोस्टनमध्ये डॉ. सॉल हर्ट्झ यांनी हा उपचार पहिल्यांदा केला. मुंबईत परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. इतक्या वर्षांच्या अनुभवात, लोक धरतात तेवढी कॅन्सरची भीती खरी ठरलेली नाही.

त्याची खरी किंमत वेगळी आहे आणि ती आधीच समजून घ्या. ग्रेव्हजमध्ये आयोडीन घेतल्यावर बहुतेकांची ग्रंथी सहा महिने-वर्षभरात बंद पडते आणि रोज सकाळी थायरॉक्सिनची (थायरॉईडच्या हार्मोनची) गोळी आयुष्यभर लागते. ती गोळी सोपी आहे, तिचे धोके कमी आहेत, पण 'आयोडीन घेतलं की गोळ्या सुटतात' असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. दुसरं, डोळे पुढे आलेले, लाल किंवा सुजलेले असतील तर आयोडीनने ते बिघडू शकतात, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये. तसं असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

घरच्यांसाठी: या आयोडीनची ताकद दर आठ दिवसांनी निम्मी होते, आणि बराचसा भाग पहिल्या एक-दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो. भरपूर पाणी प्या, संडासात दोनदा पाणी टाका, वेगळ्या खोलीत झोपा. पुतण्याला मांडीवर घेणं आणि नणंदेजवळ बसणं केंद्राने सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत टाळा. आखाजीच्या तोंडावर डोस घेऊच नका, महिनाभर आधी घ्या किंवा सण झाल्यावर. परतीच्या प्रवासाचं केंद्रात आवर्जून विचारा. मुंबईहून अमळनेरपर्यंत भरलेल्या डब्यात खेटून सहा-सात तास बसणं आणि स्वतःच्या गाडीत मागच्या सीटवर एकटं बसणं यात फरक आहे. बरेच जण हे विचारायचं विसरतात.

प्रश्न : शहादा. वय २६, लग्नाला वर्ष झालं. ग्रेव्हजसाठी कार्बिमाझोल १० मिलिग्रॅम चालू आहे. सासूबाई म्हणतात, गोळ्या बंद कर आणि मूल होऊ दे.

सासूबाईंनाही हे वाचायला द्या. मनानेच गोळ्या बंद करून दिवस राहिले तर गर्भपात, वेळेआधी बाळंतपण, आईच्या हृदयावर ताण, हे सगळे धोके आहेत. दुसरीकडे, कार्बिमाझोल गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळात काही जन्मजात दोष करू शकते, आणि सहावा ते दहावा आठवडा त्यासाठी सगळ्यात नाजूक. म्हणून आधी टीआरएबी करा. ती निगेटिव्ह असेल, मात्रा कमी होत आली असेल, तर डॉक्टर गोळी थांबवून पाहू शकतात. गोळी लागणारच असेल तर दिवस राहण्याआधी किंवा पाळी चुकल्याचं कळताच पीटीयू नावाच्या दुसऱ्या गोळीवर नेतात. पीटीयू क्वचित यकृताला जबर इजा करते, म्हणून ती इतरांना सहसा देत नाहीत. आजार आटोक्यात नसेल आणि मूल लवकर हवं असेल तर आधी ऑपरेशन हाही चांगला मार्ग आहे. आयोडीन घेतलं तर किमान सहा महिने थांबावं लागतं, आणि त्यानंतर अँटीबॉडीज काही काळ वाढतात, म्हणून तुमच्यासाठी मी तो शेवटी ठेवेन.

तोपर्यंत गर्भनिरोधक वापरा. पाळी चार दिवस जरी पुढे गेली तरी घरीच लघवीची तपासणी करून डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

प्रश्न : चोपडा तालुका. कार्बिमाझोल सुरू होऊन सहा आठवडे झाले. ताप आणि घसा दुखतोय. गावातले डॉक्टर म्हणतात व्हायरल आहे.

असेलही व्हायरल. पण आज कार्बिमाझोलचा पुढचा डोस घेऊ नका आणि आजच सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करा. हजारात दोन ते पाच जणांमध्ये या गोळीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात, आणि हे बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच होतं. त्यात साधा वाटणारा घसा जिवावर बेततो. रिपोर्ट नीट आला तर गोळी पुन्हा सुरू होईल, एका दिवसाने काही बिघडत नाही. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा तोंडात फोड आले तरी हेच करायचं. पावसाळ्यात घरोघरी ताप असतो, म्हणून कोणत्याही दवाखान्यात पाय ठेवताच आधी सांगा: "मी कार्बिमाझोल घेतो." डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका.

याच पत्रात आणखी एक ओळ होती: घरात वहिनीलाही थायरॉईड आहे, कधी गोळी संपली तर एकमेकांची घेतो. कृपा करून हे आजपासून थांबवा. वहिनीची थायरॉक्सिन असणार, म्हणजे थायरॉईड कमी असल्याची गोळी. ती तुमचा आजार वाढवेल आणि तुमची गोळी तिचा. दोन्ही डबीतून येतात, दोन्हीला घरात 'थायरॉईडची गोळी' म्हणतात. डबीवर पाहा: तुमची मिलिग्रॅममध्ये, तिची मायक्रोग्रॅममध्ये. डब्या दोन वेगळ्या जागी ठेवा.

प्रश्न : मीठ बदलू का? कोबी, केळी चालतात का? (रावेर)

साधं आयोडीनयुक्त मीठ चालतं. कोबी खाऊन हा आजार बरा होत नाही, केळी खाऊन वाढत नाही. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या थांबवा, नाहीतर थायरॉईडचा रिपोर्ट खोटाच वाढलेला दिसू शकतो.

प्रश्न : धुळे. गळ्याची गाठ मोठी झाली आहे, गिळताना अडकतं. डॉक्टर ऑपरेशन सांगतात. भजनी मंडळात गाते, आवाज जाईल का?

गिळताना अडकत असेल तर ऑपरेशनचा सल्ला बरोबर आहे. इथे वर्षानुवर्षं गोळी घेत बसणं मी सुचवणार नाही. आवाजाची नस थायरॉईडला चिकटूनच जाते. नेहमी हेच ऑपरेशन करणाऱ्या सर्जनच्या हातून तिला कायमची इजा होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन असतं. म्हणून सर्जनना सरळ विचारा की तुम्ही ही ऑपरेशनं वर्षाला किती करता. त्यात कोणाचा अपमान होत नाही. काही दिवस आवाज बसणं किंवा वरचा सूर न लागणं बऱ्याच जणींना होतं आणि हळूहळू सुधारतं, पण गाणाऱ्या माणसाला ते आधी माहीत असावं. गोळ्यांनी थायरॉईड आटोक्यात आणल्याशिवाय टेबलावर जाऊ नका. ऑपरेशननंतर ओठांभोवती किंवा बोटांत मुंग्या आल्या तर कॅल्शियम कमी झालेलं असतं, लगेच सांगा. आणि ऑपरेशनआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या, तुम्ही भजन गाता हे त्यांना सांगून.