मिनीपासून सुरुवात कर

एकटीने सागरी शर्यती करायच्या असतील, तर थेट व्हॉन्दे ग्लोबच्या, म्हणजे एकट्याने न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीच्या, ६० फुटी बोटीची स्वप्नं रंगवू नकोस. फ्रान्समध्ये लोरियाँला जा आणि साडेसहा मीटरची मिनी बोट घे, जुनी चालेल. मिनी ट्रान्सॅटच्या, म्हणजे या बोटींच्या अटलांटिक पार करायच्या शर्यतीच्या, पात्रतेसाठी एकटीने, न थांबता १,००० सागरी मैल करावे लागतात. शर्यतींचे मैल वेगळे. म्हणून दोन वर्षं तरी हाताशी ठेव.

सगळ्यात आधी रीफ घ्यायला, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड लहान करायला शीक, तेही अंधारात. आधी किकर (शिडाखालचा आडवा दांडा खाली ओढून धरणारी दोरी) आणि मेनशीट (मुख्य शीड ताणायची दोरी) ढिली कर. मग हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, खाली सोड, शिडाची पुढची कडी हुकात अडकव, हॅलयार्ड पुन्हा ताण आणि शेवटी रीफची दोरी ओढ. मेनशीट ढिली न करता रीफची दोरी विंचवर (दोरी ओढायच्या फिरकीवर) ओढलीस, तर शिडाची मागची कड फाटते. रीफ सोडताना शिडाला बांधलेल्या बारीक दोऱ्या आधी सोडायच्या. विसरलीस तर शीड नेमकं तिथेच फाटणार.

झोप पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत, गजर मोठ्ठा.

ताकदीची भीती मात्र मनातून काढ. २०२४-२५ च्या व्हॉन्देत स्विस खलाशी जस्टिन मेत्रो ७६ दिवसांत आठवी आली! प्रायोजक शोधायला आजच लाग, बोटीपेक्षा त्यालाच जास्त वेळ जातो.