जुने रिव्हॉल्व्हर देऊन वापरलेले घ्यावे का?

प्रश्न : नेमबाजीच्या सरावासाठी मी .३८ स्पेशल या काडतुसाचे जुने रिव्हॉल्व्हर वापरतो. आता त्याचे काडतुसे धरणारे फिरते सिलिंडर थोडे हलते आणि गोळी झाडताना कधीकधी शिशाचे बारीक कण बाजूला उडतात. ते घेऊन, वर फरकाची रक्कम घेऊन, विक्रेता मला .३५७ मॅग्नम या अधिक ताकदीच्या काडतुसाचे वापरलेले स्मिथ अँड वेसन मॉडेल १९ द्यायला तयार आहे. हा व्यवहार करावा का?

उत्तर : आपल्या रिव्हॉल्व्हरचे दुखणे नक्की काय आहे हे कळेपर्यंत व्यवहार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कण उडत आहेत याचा अर्थ, बहुधा गोळी सुटते त्या क्षणी चेंबर (सिलिंडरमधले काडतुसाचे घर) आणि नळी एका रेषेत येत नाहीत, किंवा नळीचे मागचे तोंड झिजले आहे अथवा शिशाने माखले आहे. तपासणीआधी सिलिंडर उघडून सर्व चेंबर रिकामे असल्याची स्वतः डोळ्यांनी खात्री करावी. मग सिलिंडरला बोटाचा अगदी हलका अटकाव देत घोडा सावकाश मागे ओढावा. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्याआधी सिलिंडर जागी पक्के बसले पाहिजे, आणि ही चाचणी प्रत्येक चेंबरवर करावी, कारण दोष अनेकदा एखाद्याच चेंबरवर दिसतो. असा दोष सिलिंडर फिरवणारा पंजा बदलून, तर सिलिंडरचे पुढे-मागे हलणे पातळ चकत्या बसवून, जाणकार कारागीर बहुतेक वेळा दूर करू शकतो. सरावात हाताला बसलेले हत्यार एवढ्यासाठी सोडून देणे मला पटत नाही.

आता समोरच्या मॉडेल १९ विषयी. हे उत्तम रिव्हॉल्व्हर आहे, १९५५ मध्ये ते कॉम्बॅट मॅग्नम या नावाने बाजारात आले, परंतु त्याची चौकट मध्यम आकाराची असल्यामुळे नळीचे मागचे तोंड खालच्या बाजूने सपाट कापलेले आहे आणि तेथे धातूची जाडी कमी आहे. १२५ ग्रेन (सुमारे ८ ग्रॅम) वजनाच्या हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्या भरपूर झाडलेल्या हत्यारात नेमकी याच ठिकाणी चीर पडल्याची उदाहरणे आहेत. चीर पडल्यास नळीच बदलावी लागते, आणि जुन्या मॉडेलची नळी मिळवणे सोपे नसते. म्हणून ते तोंड पूर्ण स्वच्छ करून, भिंगातून आणि चांगल्या उजेडात पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. नळी व सिलिंडर यांच्यामधली फट साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असावी. ती फीलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजता येते. चौकटीच्या वरच्या पट्टीवर ज्वाळेने पडलेली बारीक रेघ मात्र सहसा घाबरण्यासारखी नसते, ती ठराविक खोलीनंतर फारशी वाढत नाही. नव्याने केलेल्या चकाकीपेक्षा स्क्रूंच्या खाचा पाहाव्यात. त्या चेपलेल्या असतील तर अननुभवी हातांनी ते उघडलेले असण्याची शक्यता मोठी.

बदलाला एक खरे कारण आहे, ते म्हणजे .३५७ मध्ये आपली .३८ स्पेशलची काडतुसेही चालतात; उलट, .३८ च्या हत्यारात .३५७ चे काडतूस कधीही घालू नये. मात्र .३८ चे आवरण सुमारे ३.४ मिलिमीटरने आखूड असल्यामुळे चेंबरमध्ये काजळीचे कडे साचते, आणि ते न काढल्यास लांब मॅग्नम काडतूस आत जाताना अडते. सराव .३८ वरच राहणार असेल, तर मॅग्नमची ताकद आपल्या उपयोगाची नाही. तसे असल्यास दुरुस्तीचा अंदाज आधी घ्यावा.

मॅग्नमच हवे असेल, तर विक्रेत्याला आपल्या रिव्हॉल्व्हरची किंमत आणि मॉडेल १९ ची किंमत वेगवेगळ्या विचाराव्यात, कारण फक्त फरकाचा आकडा ऐकला की आपल्या हत्याराला किती कमी धरले आहे ते लक्षात येत नाही. आपल्या परवान्यात नवे कॅलिबर बसते का, हेही पैसे देण्यापूर्वी पाहावे, आणि हस्तांतराची नोंद कायद्याने ठरवलेल्या मार्गानेच करावी.