पकड करणाऱ्याला कोण विचारतं?

प्रश्न : सर, नातू कबड्डीत डावा कोपरारक्षक आहे. पेपरात नावं चढाईवाल्यांचीच, म्हणून हिरमुसतो. त्यातून वकीलही व्हायचंय. अमेरिकन फुटबॉलमध्येही असंच का? – एक आजोबा, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : काका, तिथंही भाव क्वार्टरबॅकलाच, म्हणजे हल्ला रचून चेंडू फेकणाऱ्याला. पण नातवाला ॲलन पेज सांगा. मिनेसोटा वायकिंग्ज संघाचा हा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावफळीच्या मधला गडी. चेंडू हलला रे हलला, की समोरच्या आडदांड गड्याच्या बगलेतून घुसायचा. १९७१ साली एनएफएल या तिथल्या मुख्य लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला; बचावातल्या कुणाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. खेळता खेळता १९७८ मध्ये कायद्याची पदवी घेतली. त्याच वर्षी, पळण्याच्या नादात वजन घटलं म्हणून संघानं काढलं! (वजनाचं खूळ आपल्याकडंही कमी नाही.) मग १९८१ पर्यंत शिकागो बेअर्सकडून खेळला. १९९३ ते २०१५ मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती, तिथले पहिले कृष्णवर्णीय.

तेव्हा लॉला खुशाल घाला, पार्क मैदान सोडवू नका. घोटा धरताना मान खाली घालू नको म्हणावं. कोपऱ्यातली पोरं तिथंच चढाईवाल्याचा गुडघा खातात.