सांगलीच्या ड्रेनेजमध्ये बाहेरचं पाणी किती शिरतं, ते मोजता येतं का?

तुमचा प्रश्न असा, की पावसाळ्यात गल्लीतले चेंबर उसळतात, साहेब लोक ‘लाइनीत बाहेरचं पाणी शिरतंय’ एवढं सांगून मोकळे होतात. मग ते पाणी किती हे कुणी मोजू शकतं, की नुसती सबब आहे? मोजता येतं. आणि निदान सुरुवातीला तरी महागडं फ्लो मीटर लागत नाही. ड्रेनेज पंपिंगच्या कामात बरीच वर्षं काढलीत, म्हणून सांगतो.

हे पाणी दोन वाटांनी येतं. एक, पाऊस पडला की लगेच: गच्चीचे पाइप घरच्या ड्रेनेज चेंबरला जोडलेले असतात, मॅनहोलची झाकणं फुटलेली किंवा रस्त्याच्या खाली गेलेली असतात. दोन, जमिनीतून सावकाश: आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यात पाइपांचे सांधे हलतात आणि भूजल वर आलं की तिथून झिरपतं. उपाय दोन्हींचे वेगळे, त्यामुळे दोन्ही वेगवेगळी मोजायला हवीत. बहुतेक गावांत हेच अवघड जातं, कारण पाऊस आणि भूजल एकदमच वाढतं.

सांगलीत मात्र निसर्गानेच सोय करून ठेवली आहे. इथे वर्षाचा पाऊस साधारण ६०० मिलीमीटर, तिकडे महाबळेश्वरला ५,००० च्या वर. म्हणजे कृष्णा फुगते ती वरच्या पावसाने आणि कोयनेच्या विसर्गाने. सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ३५ फुटांवर आणि सांगलीत कोरडं ऊन, असे दिवस पावसाळ्यात येतात. तेच मोजणीचे दिवस. त्या दिवशी लाइनीत जादा पाणी दिसलं तर ते गच्चीचं नक्कीच नाही; जमिनीतून झिरपतंय किंवा नाल्याच्या तोंडातून नदी उलटी येतेय. याउलट नदी खाली असताना इथे तासभर झोडपून पाऊस पडला, तर त्यानंतरची वाढ गच्च्या आणि झाकणांची.

आता प्रत्यक्ष मोजणी. तुमच्या भागाचं मैलापाणी ज्या पंप हाऊसला जातं, तिथली विहीर हेच मापाचं भांडं. रात्री दोन ते चारच्या दरम्यान, लोकांचा वापर सगळ्यात कमी असताना, पंप दहा मिनिटं बंद ठेवायचा आणि पाणी किती चढलं ते काठीवर वाचायचं. समजा विहिरीचा व्यास ४ मीटर आहे. मे महिन्यात दहा मिनिटांत १० सेंटीमीटर चढलं, तर सेकंदाला साधारण २.१ लिटर. नदी वर असलेल्या कोरड्या रात्री ३० सेंटीमीटर चढलं, तर ६.३. फरक ४.२ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ३ लाख ६० हजार लिटर. माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्यातलं ८० टक्के ड्रेनेजला, या सरकारी हिशेबाने ५,००० वस्तीचं सांडपाणी होतं ५ लाख ४० हजार. त्याच्या दोन तृतीयांश फुकटचं पाणी आपण विजेचं बिल भरून उपसतोय!

यात फसायच्या दोन जागा आहेत. विहिरीतलं पाणी येणाऱ्या पाइपच्या तळापर्यंत चढू द्यायचं नाही. चढलं की पाणी मागे लाइनीत साठायला लागतं आणि आकडा खोटा कमी येतो. दुसरी, तुमच्याकडे नळाला पाणी कधी येतं ते पाहा. पहाटे येत असेल तर टाक्या भरून वाहतात, ते पाणीही मोरीतून याच लाइनीला लागतं. नळ सुटायच्या आधीच मोजा.

प्रयोगशाळेतूनही ताळा घेता येतो. माणशी दिवसाला २७ ग्रॅम बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) धरतात, म्हणजे १०८ लिटर (१३५ च्या ८० टक्के) सांडपाण्यात लिटरला २५० मिलिग्रॅम. नमुना १२५ आला, तर ढोबळमानाने निम्मं पाणी बाहेरचं. काही जण यासाठी पाण्याची विद्युतवाहकता (क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) बघतात, पण मिरज-वाळव्याकडच्या क्षारपड पट्ट्यात मी त्यावर विसंबणार नाही. तिथलं भूजलच खारट, मिसळलं तरी आकडा उतरण्याऐवजी चढायचा.

आकडा मोठा निघाला की जागा शोधायची. एकेका मॅनहोलपाशी रात्री वरूनच बॅटरी मारून बघा: मध्यरात्री स्वच्छ, वास नसलेली धार वाहत असेल तर तो तुकडा संशयित. पुढे लाइनीत कॅमेरा सोडतात. गच्चीच्या जोडण्यांसाठी धूर सोडतात. ज्या घराच्या पन्हाळीतून धूर निघाला ते सापडलं. (मग नगरसेवकाचा फोन येतो, तो भाग वेगळा.) मॅनहोलमध्ये मात्र कुणीही उतरायचं नाही, कुणाला उतरवायचंही नाही. आतल्या वायूने माणूस एका श्वासात कोसळतो, आणि सुरक्षा साधनांशिवाय कुणाला आत उतरवणं हा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

तुम्हाला पंप हाऊसमध्ये कुणी शिरू देणार नाही हे उघड आहे. माहितीच्या अधिकारात तिथल्या लॉगबुकची प्रत मागा: मे ते ऑक्टोबर, रोज कुठला पंप किती तास चालला. ‘केंद्राची क्षमता किती’ असं विचारू नका, त्याला छापील उत्तर येतं. त्या तासांशेजारी आयर्विन पुलाची रोजची पातळी आणि सांगलीचा रोजचा पाऊस लिहा. पंपाचे तास पावसाबरोबर उडी मारतात की नदीबरोबर चढून आठवडाभर रेंगाळतात, ते त्या तीन रकान्यांतच दिसेल.