आरईबीटीचा अभ्यासगट: सोलापूरहून आलेले दोन प्रश्न

प्रश्न: आम्ही बारा समुपदेशकांनी विवेकनिष्ठ मानसोपचाराचं, म्हणजे आरईबीटीचं (त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या हट्टी समजुतीने होतो असं मानणाऱ्या पद्धतीचं) प्रशिक्षण घेऊन अभ्यासगट काढला. पहिल्या बैठकीला बाराही जण, चौथीला तिघं. बाहेरचे पाहुणे बोलावले की हॉल भरतो, पुढच्या महिन्यात पुन्हा तिघंच. संस्था नोंदवली तर फरक पडेल का?

उत्तर: नाही. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात, शिवाय दरवर्षीचे हिशेब आलेच. तिघांच्या गटाला हे ओझंच. वर्षभर बैठका न चुकता झाल्या तर मग बघा.

व्याख्यान ऐकून गेलेल्याला पुन्हा यायचं काही अडत नाही. ज्याला पुढच्या वेळी स्वतःची केस मांडायची आहे, तो येतो. म्हणून सहा-सहा जणांचे दोन गट करा. दुसरा रविवार, १० ते १२. (जानेवारीत गड्डा यात्रेची गर्दी टाळून.) पाऊण तास एकच केस, पुढचा पाऊण तास तिचाच सराव: केस मांडणाऱ्याने क्लायंट व्हायचं, दुसऱ्याने समुपदेशक. उरलेल्या वेळात पुढच्या तीन महिन्यांच्या पाळ्या ठरवा. सगळं एकाच उत्साही माणसावर पडलं की तो थकतो आणि गट बसतो.

केस अर्ध्या पानात: घटना, समजूत, परिणाम, समजुतीला दिलेलं आव्हान, कुठे अडलं. बहुतेकांची चूक समजुतीच्या रकान्यात होते. तिथे लिहिलेलं असतं, 'बायको मला मान देत नाही.' हा घटनेतून काढलेला अर्थ झाला, खरा असेल किंवा नसेल. समजूत त्याखाली असते: 'तिने मला मान द्यायलाच हवा.' अर्थावरच वाद घालत बसलात तर क्लायंट पुरावे देत सुटतो आणि तास संपतो.

अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून उभी केलेली ही पद्धत इंग्रजीतल्या 'मस्ट'वर, म्हणजे 'झालंच पाहिजे' या हट्टावर बोट ठेवते. मराठीत तो 'मस्ट' एका 'च'मध्ये दडतो. 'व्हायलाच हवं' याला कन्नड बोलणारा 'आगलेबेकु' म्हणेल, शहराच्या पूर्व भागातला तेलुगू बोलणारा 'जरिगि तीरालि'. क्लायंटच्या तोंडचे असे शब्द एका वहीत उतरवत चला. ही वही दुसऱ्या गावातून तयार मिळणार नाही, आणि तिच्यासाठी तरी माणसं येतील.

प्रश्न: केस मांडताना नाव बदललं की पुरे ना?

उत्तर: सोलापुरात तरी नाही. 'चाळीस मागांचा कारखानदार, थोरला मुलगा अमेरिकेत' एवढं म्हटलं की निम्मा गट माणूस ओळखतो. नेमकं वय न सांगता 'पन्नाशीतला' म्हणा, धंदा बदला, केसला गरज नसलेले तपशील गाळा. क्लायंटची लेखी संमती आधी घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. कागद बैठक संपताच गोळा करून फाडा, व्हॉट्सअॅपवर फोटो नको. तरीही कुणी ओळखलंच, तर त्याने कारण न सांगता उठून बाहेर जावं. हा नियम पहिल्याच बैठकीत ठरवा, म्हणजे ऐनवेळी अवघडायला होत नाही.

क्लायंट आत्महत्येबद्दल बोलत असेल तर दुसऱ्या रविवारची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा, घरच्या एकाला सोबत घ्या आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक हातात लिहून द्या.