ओल्ड गोव्यातल्या बॉम जीझस चर्चला गिलावा का नाही? आपलं काळाराम मंदिरही उघड्या दगडाचंच आहे, मग त्या चर्चला गिलावा हवा असं का म्हणतात?

नाशिककराला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. काळाराम घ्या, सुंदरनारायण घ्या, दगड उघडाच. त्यामुळे ओल्ड गोव्याचं तांबडं चर्चही मुळात असंच बांधलं असणार, असं वाटतं. पण दर्शनी भाग सोडला तर त्या चर्चला बाहेरून चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात, गोव्यात पोर्तुगीज राजवट असतानाच, तो काढून टाकला. जुन्या इमारतींचा गिलावा उतरवून दगड उघडा करायची पद्धत तेव्हा खुद्द पोर्तुगालमध्येही होती.

मी नाशिकमध्ये जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून दगडाबद्दल जरा सविस्तर सांगतो. काळारामचा दगड म्हणजे आपला काळा पाषाण, बेसाल्ट. घट्ट, जड, पाणी सहजासहजी आत घेत नाही. बॉम जीझस बांधलंय जांभ्यात. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, म्हणून त्याचे चिरे सहज पाडता येतात. हवा लागली की तो कडक होतो. पण अंगाने सच्छिद्रच राहतो. बाजूच्या भिंतीजवळ उभं राहून एखादा चिरा नीट पाहा: बारीक बारीक भोकं, त्यांत धरलेलं शेवाळ, कडा गोल झालेल्या, आणि बोट फिरवलं की लाल भुकटी. नाशिक शहरात वर्षाला ७००-८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे ३००० च्या आसपास. त्यात ही भिंत उघडी!

आता बांधणाऱ्यांना हे कळत नव्हतं का? चांगलंच कळत होतं. काम १५९४ साली सुरू झालं आणि १६०५ साली चर्चचा अभिषेक झाला. दर्शनी भागातले खांब आणि कोरीवकाम त्यांनी जांभ्यात केलंच नाही. त्यासाठी थेट वसईहून बेसाल्ट नेला. खाली तीन दरवाजे, वर तीन खिडक्या, त्यावर तीन गोल झरोके आणि शिरोभागी जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचं 'आयएचएस' हे येशूच्या नावाचं चिन्ह. चारशेहून जास्त पावसाळे झाले तरी हे नक्षीकाम वाचता येतं. कोरायचं तिथे काळा दगड आणि साध्या भिंतीला जांभा, वर चुना, असा तो सरळ हिशेब होता. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल पांढरंशुभ्र आहे ते याच चुन्यामुळे.

गिलावा पुन्हा चढवावा, अशी मागणी चर्चच्या बाजूनेही झालेली आहे. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं की दोन-तीन पिढ्यांनी हे चर्च तांबडंच पाहिलंय, आता तीच त्याची ओळख. मला ते पटत नाही. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत, फ्लोरेन्सचा शिल्पकार फोगिनी याने घडवलेली संगमरवरी समाधी आहे, १९८६ पासून ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत आहे. फोटोत रंग छान येतो म्हणून भिंत झिजू द्यायची, हे बरं नव्हे. दर्शनी भागाला हात लावू नये, बाकी भिंतींना गिलावा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

फक्त तो चुन्याचाच हवा. सिमेंट लावलं तर आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि दगड आतून कुजतो. नाशिकच्या वाड्यांमध्ये हे नुकसान मी रोज बघतोय. मुरवलेला चुना ओल बाहेर सोडतो. दर काही वर्षांनी हात फिरवावा लागतो, एवढंच. कधी गेलात तर समोर फोटो काढून परतू नका, डाव्या बाजूने आधाराच्या कमानींपर्यंत चालत जा आणि तिथले खालचे थर बघा.